स्टेलनच्या वह्या आणि माझी हिरवी रेघ

मी, सुलेखा बर्गक्विस्ट, माहेरची साठे, वय अडुसष्ट, सिंगापूरची नागरिक, राहणार यिशुन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ती माझ्या हयातीत विचारावी. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. मराठीत लिहिते, कारण माझी मुलगी ऋता हिला मराठी वाचायला मी शिकवले आहे आणि ते वाया जाऊ नये.

१. मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुवंती कर्णिक करेल. रॅफल्स प्लेसच्या बँकेत ती वीस वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर होती. कोर्टासाठी भाषांतरही तिनेच करून घ्यावे.

२. यिशुनचा सरकारी फ्लॅट विकून येईल ते ऋताचे. तिचा बुओना व्हिस्टाला खासगी कॉन्डो आहे, इथल्या नियमाने दोन्ही ठेवता येणार नाहीत. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, मृत्युपत्रात येत नाही, त्याचे नॉमिनेशन वेगळे केले आहे.

३. माझी पैठणी आणि तांब्याची भांडी पुण्याच्या धाकट्या बहिणीला, संजीवनीला. हँडबॉल खेळणारे लोक, चेंडू निसटू नये म्हणून, बोटांना राळ लावतात. ती मधासारखी दिसते, आणि माझ्या नवऱ्याचा डबा स्वयंपाकघरात असे. संजीवनी इथे आली असताना तिने ती पोळीला लावून खाल्ली आणि परत जाऊन सगळ्या नातेवाइकांत सांगितले की सुलेखाचा नवरा डिंकावर जगतो. तरीही भांडी तिलाच.

४. आता माझे दिवंगत पती स्टेलन यांच्या वस्तू. माणूस माहीत नसेल तर वस्तूंना अर्थ नाही, म्हणून थोडे लिहिते.

तो स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या इस्टाड गावचा. गावाच्या क्लबातून हँडबॉल खेळे, डाव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला. या खेळात गोलपुढे सहा मीटरवर एक रेषा असते. तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कोणी पाय टेकायचा नाही. मात्र रेषेबाहेरून उडी घेऊन, खाली येण्याआधी चेंडू मारला तर चालतो. "पाय टेकेपर्यंत माणूस कुठेच नसतो," असे तो म्हणे. सत्ताविसाव्या वर्षी त्याला राष्ट्रीय संघाच्या सरावाला बोलावले. तिथून तो कुबड्या घेऊन परतला. गुडघा गेला.

शहाऐंशी साली तो इथे जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि संध्याकाळी मुलींना शिकवू लागला. हॉलमध्ये राळेला बंदी होती. तो लावू देई, आणि सराव संपला की मुलींबरोबर स्वतः गुडघ्यांवर बसून फरशी घासे. त्या वाईट गुडघ्यावर. मी त्याला प्रथम पाहिले ते फरशी घासताना. मैत्रिणीच्या मुलीला न्यायला गेले होते. हॉलमध्ये संध्याकाळचे ऊन तिरपे पडले होते, साबणाचा फेस चमकत होता, आणि तो गुणगुणत होता. मी तिथे किती वेळ उभी राहिले ते मला आजही सांगता येणार नाही. वेळेबाबत मी काटेकोर आहे, म्हणून ही नोंद.

त्याची शिट्टी, बूट आणि राळेचा डबा यिशुनच्या मुलींच्या संघाला.

५. स्वप्नांना कायद्यात किंमत नसते. तरीही लिहिते. दुपारी डोळा लागला की तो त्याच हॉलमध्ये उडी घेतो आणि खाली येत नाही. चेंडू हातात, चेहरा शांत. मी खाली त्याचा टॉवेल घेऊन उभी. भिंती विरळ होत जातात, पलीकडे समुद्र दिसतो, थंड, त्याच्या गावचा असावा. मी म्हणते, "उतर आता, जेवण गार होतंय." तो म्हणतो, "आधी तिला सांग."

६. तर सांगते. स्टेलनच्या सरावाच्या तेवीस वह्या ऋताच्या. त्यातली दोन हजार अकराची तिने आधी उघडावी.

ऋता डावखुरी, आणि वडिलांच्याच संघात. उजव्या बगलेवर असा हात सोन्यासारखा, स्टेलन म्हणे. ती अठरा वर्षांची असताना अंतिम सामना आणि ए-लेव्हलची, म्हणजे इथली बारावीची, परीक्षा यांत तीन आठवडे होते. संघाची यादी वहीत होती, सातवे नाव तिचे. मी बँकेच्या हिरव्या पेनाने त्यावर रेघ मारली. तो म्हणाला, "सुलेखा, तिला उडू दे." मी म्हणाले, "उडून पोट भरत नाही. आणि मी सांगितलं असं तिला कळता कामा नये. मला तिच्याकडून अभ्यास करून घ्यायचाय."

त्याने तिला सांगितले, तुझा बचाव कच्चा आहे. संघ तिच्याशिवाय एका गोलने जिंकला. ती पुन्हा खेळली नाही, आणि वडिलांशी कामापुरते बोलली. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात त्याने मला विचारले, "सांगायचं का?" मी म्हणाले, "बरा हो, मग." तो बरा झाला नाही.

तिचा बचाव कच्चा नव्हता.

७. सहावे कलम माझ्यामागे उघडावे असे ठरवले होते. मसुदा वाचून मधुवंती म्हणाली, "सुलेखाताई, हे म्हणजे दाराची बेल वाजवून पळून जाणं झालं." तिचे म्हणणे बरोबर होते. मी ऋताला बोलावले. तिने टेबलापाशी बसून सहावे कलम दोनदा वाचले.

"चौदा वर्षं लपवलंस," ती म्हणाली. "पाप्पाला बर्थडेला मी फक्त मेसेज पाठवायचे, आई."

"माहीत आहे."

"आणि तू शेजारी बसून बघत होतीस."

"हो."

ती दोन हजार अकराची वही घेऊन, न जेवता गेली. नऊ दिवस फोन नाही. मी केला नाही. माफी मागणे हे माझे काम, देणे तिचे, आणि घाई करायचा हक्क मला नाही.

८. आज सह्या करायच्या होत्या. साक्षीदार येऊन बसले असताना ऋता आली. साक्षीदारांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "सहाव्यात एक वाक्य राहिलंय. मीही पाप्पाला कधी विचारलं नाही, खरं काय ते. घाल."

मी म्हणाले, "तू मुलगी होतीस. चूक माझी आहे आणि ती अशी वाटून देता येत नाही."

"फ्लॅट देतेस, वह्या देतेस. यातला माझा हिस्सा पण दे. डोन्ट आर्ग्यू लाह. लिही." हट्टाला पेटली की तिची भाषा सिंगापुरी होते.

तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिते: ऋताने कधी विचारले नाही.

ती समोर बसली आहे. जेवून जाणार आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सही केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, चहा सोडून.

सही: सुलेखा बर्गक्विस्ट

साक्षीदार १: संजीव पेंडसे, यिशुन
साक्षीदार २: क्षिप्रा वर्तक, यिशुन

स्थळ: यिशुन, सिंगापूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५