शर्टाची तीन बटणं

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आणि ती शिवणवाली वर तोंड करून म्हणते काय, "ताई, पोर जेवली हं माझ्याकडे, तुम्ही काळजी करू नका!" मी मागायला गेले होते का हिच्या दारात? तळमजल्यावर राहते म्हणून काय माझी पोर जिन्यातच अडवून घ्यायची? महिनाभर हेच. रात्री साडेआठला लाँड्रीतून येते, आठ तास गरम चादरी उचलून हाताची सालपटं निघालेली – आणि पोरगी कुठे? शिवणवालीकडे! मशीनशेजारच्या स्टुलावर, पाय हलवत. आज हसत होती. मी दारात दिसले आणि नळ बंद करावा तसं हसू बंद.

बारा वर्षांची झाली. माझ्याशी बोलते ते "हो", "नाही", "ठेवलंय". संपलं.

बुधवार, ४

नवरा मात्र शांत आहे. मी येते तेव्हा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. पूर्वी दारू पिऊन जिन्यातच बसलेला सापडायचा. नाहीतर सापडायचाच नाही. वास येतो अजून, पण आता शर्ट तरी धुतलेला असतो. मागे मी तोंडाचा असा पट्टा सोडला होता की वरखालची सगळी दारं उघडली. झाला म्हणायचा उपयोग.

गुरुवार, ५

आमच्या दोरीवर रोज एक टॉवेल ओला. सकाळी मीच घडी घालून ठेवलेला. पोरीला विचारलं – "पाणी सांडलं होतं." रोज सांडतं? वीस वर्षं लोकांची धुणी धुतेय, मला शिकवते! शिवणवालीची फरशी पुसते वाटतं माझ्या टॉवेलाने. जेवणाचा मोबदला!

शुक्रवार, ६

बटणं!!

नवऱ्याचा निळा शर्ट घडी घालायला घेतला. वरची तीन बटणं माझ्या हातची नाहीत. लाँड्रीत तुटलेली बटणं मीच लावते, हात ओळखते मी. माझा दोरा फुलीसारखा जातो. ह्या बटणांना दोन सरळ रेघा, आणि बटणाखाली दोरा गोल गुंडाळून उंच केलेली मान. अशी मान माहितीतली एकच बाई करते. शिवणवाली!

आणि पुरुषाची वरचीच तीन कशी तुटतात? शर्ट अंगात असताना लावली, की काढून दिला होता?

लाँड्रीत बोलून गेले. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, बटणं लावली म्हणजे काय लग्न लावलं?" सगळ्या खिदळल्या. मी नाही. असलं ध्यान कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही, हे मला कळतं. पण माझं ध्यान आहे! पोर नेलीस ती नेलीस, आता हेही?

घरी येऊन ब्लेड घेतलं आणि तिन्ही बटणं उडवली. पोर बघत होती. वाकून एकेक उचललं आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं.

शनिवार, ७

आज पोरीच्या केसांना पिवळी रिबन. शिवणवालीच्या डब्यातली. मी तिचे केस शेवटचे कधी विंचरले? आठवत नाही.

सोमवार, ९

बॉयलर बंद पडला. साडेपाचलाच घरी पाठवलं. म्हटलं बरं झालं, आज रंगेहाथ धरते. जिना न चढता सरळ शिवणवालीच्या दारात. एकटीच मशीनवर बसलेली.

"माझा नवरा किती वेळा येतो इथे?"

तिने पेडलवरचा पाय काढला. "तुमचा नवरा? माझ्या दाराला टेकून ओकला होता तो सप्टेंबरात. तेव्हापासून उंबरा ओलांडू देत नाही."

"मग बटणं?"

"ती पोरीने लावली. मीच शिकवलं. म्हणाली, मावशी, पक्की लावायला शिकव, माझी तुटतात."

"तिची कशी तुटतील? शर्ट त्याचा."

"ताई, वर जा. आत्ता जा. फक्त ओरडू नका."

गेले. दार लोटलेलं होतं, फटीतून बघितलं. तो खाली जमिनीवर, पाठ खाटेला. पोरीने त्याचा शर्ट दोन्ही मुठींत छातीशी धरलेला, एक गुडघा खाटेवर, आणि ओढते आहे. माझी पोर! वजन केवढं तिचं! एक बटण तुटून भिंतीवर आपटलं. "बाबा, पाय उचल. शाबास. आता दुसरा." शेजारी बादली. टॉवेल पिळून ठेवलेला. त्याचं तोंड पुसलं, मान, मग फरशी. धुतलेला शर्ट चढवला. घाई नाही, रडणं नाही. रोजचं काम. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितलं.

वहीच्या पानापासून काय लपवायचं! मला तेव्हासुद्धा हेवाच वाटला. तापात फणफणले होते तेव्हाही माझ्या कपाळाला तिचा हात लागला नव्हता. ह्या दारुड्याला रोज!

मग आत शिरून त्याला झापायला तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आधीच पोरीने वळून बघितलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. त्याला बघून नाही. मला बघून.

मंगळवार, १०

सकाळी विचारलं, सांगितलं का नाहीस?

"तू ओरडतेस."

"मी ह्यांच्यावर ओरडते. तुला कधी काही बोलले?"

"ऐकू मलाच येतं. बाबा झोपलेला असतो."

मग तीच म्हणाली, तो जिन्यात दिसला की तू सुरू होतेस, झोपलेला दिसला की होत नाहीस. म्हणून तू यायच्या आधी झोपवते.

म्हणजे माझ्या जिभेने काही शांत झालं नव्हतं! उलट जिभेलाच भ्यायची पोर. आणि मी महिनाभर स्वतःची पाठ थोपटत होते.

"मग खाली कशाला जातेस?"

"मावशीकडे कुणी कुणावर बोलत नाही. नुसतं मशीन वाजतं."

शाळेत पळण्याच्या शर्यतीत नाव होतं तिचं. म्हटलं, त्याचं काय झालं? "सराव संध्याकाळी असतो." एवढंच. संध्याकाळी बाप येतो ना घरी.

बुधवार, ११

सुपरवायझरच्या मागे लागून सोमवारपासून सकाळची पाळी घेतली. कुरकुरली ती. कुरकुर म्हटलं.

पोरीकडून ती तीन बटणं मागून घेतली. तिच्यासारखी लावायला बसले. दोनदा उसवली. बटणाखाली मान धरत नाही माझ्याच्याने, दोरा चिकटून बसतो. पोर बघत होती. म्हणाली, "बटणाखाली काडी धर, मग सैल राहतं." काडी शिवणवालीनेच शिकवली असणार. जळले. पण धरली.

गुरुवार, १२

सकाळी त्याच्या पोटात पहिला घोट जायच्या आधी समोर बसले. आवाज न चढवता बोलले – घसा दुखला! "दारू सोडवतात त्या दवाखान्यात नाव घालताय, की मी पोरीला घेऊन वेगळी खोली बघू? रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे." मान खाली. शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत बसला. माझ्या हातचं होतं. तुटलं नाही.

पोर दप्तर भरत होती. दारात थांबली.

"आणि तू, आई?"

"मी काय?"

"तू ओरडणं सोडणार का? नाहीतर मी मावशीकडेच राहते. तू पण रविवारपर्यंत सांग."