माह्या पेशी अन् आपला देवा

पुणे, मार्च १९८६

आईले वसूचा दुरून नमस्कार. मी बरी आहो. बाबांची नाईट ड्युटी संपली काय?

काल मले धक्काच बसला. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जगवतो. तिथंही त्या जंतू मारायले मदत करणारं प्रथिन बनवतात. तुलनेसाठी मी माहं रक्त दिलं. सगळ्यांच्या पेशींनी ते बनवलं, माह्या पेशींनी जराही नाही!

सर म्हणाले, "हे जन्मजात आहे. घरात कुणाला मेंदूज्वर झाला होता का?"

"माह्या भावाले, देवाले. त्यातच गेला," मी सांगतलं.

भिऊ नोको. पण धाकट्या मथुरातही हे असू शकते; तिले ताप आला तर लगेच दवाखान्यात नेजो.

थंडीत मरोद्याच्या तलावावर नेलं म्हणून देवा गेला, असं तू अजून म्हणते. नाही, आई. तुह्यामुळे नाही.

तुही वसू