सासऱ्यांच्या गाडीला सोळा व्हॉल्व्ह

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण एवढं मोठं काम हाती घेतल्यावर लेखी नोंद हवीच.

काम असं : सासरे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची गाडी आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे. त्या काळातली पळणारी गाडी, पण पहिलं मॉडेल. सोळाशे सीसी, आठ व्हॉल्व्ह. नंतर कंपनीने दुसरं काढलं, दोन हजार सीसीचं. मग तिसरं, सोळा व्हॉल्व्हचं. माझा बेत सरळ आहे. दुसऱ्याचा ब्लॉक, म्हणजे पिस्टनवालं धड, खाली; तिसऱ्याचं हेड, म्हणजे व्हॉल्व्हवालं डोकं, वर. हे कंपनीला सुचलं नाही याचा मला संताप येतो.

मुदत २० एप्रिल. त्या दिवशी सासूबाईंना ऐंशी पूर्ण. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे : त्या दिवशी या गाडीतून एक चक्कर. बायको म्हणाली, गाडी चांगली चालू होते, फक्त बॅटरी चार्ज करा. फक्त बॅटरी! या घरात मोठा विचार करायची पद्धतच नाही.

५ मार्च
डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे मेकॅनिक, सगळे त्याला तेच म्हणतात आणि तो मनावर घेतो. त्याच्याकडे ह्याच मॉडेलची एक पांढरी गाडी इंजिन जाम होऊन पडली आहे. सौदा ठरला : माझं जुनं इंजिन सायलेन्सरसकट त्याला, त्याच्या भंगारातला दुसऱ्या मॉडेलचा ब्लॉक आणि तिसऱ्याचं हेड मला. तीनदा म्हणाला, चालू इंजिन आहे, नवीन सुरू होईपर्यंत तरी ठेवा. डोक्यात तिडीक गेली. मला काय कळत नाही?

८ मार्च
इंजिन गेलं. सासूबाई खिडकीत होत्या. दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. काय नेताय, विचारलं. म्हटलं, जुनं काढून नवं घालतोय. आवाज तोच राहील ना, म्हणाल्या. म्हटलं, याच्या दुप्पट. मग त्यांनी खिडकी लावून घेतली. बायको नंतर म्हणाली, बाबांची गाडी वळणावर आली की आई आवाजावरून ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची. चहासाठी इंजिन निवडायचं असतं का?

११ मार्च
आज कारखान्यात तीनशे नळ परत पाठवले. आटे अर्धा मिलिमीटर कमी. सुपरवायझर म्हणतो, अर्ध्याने काय होतंय. त्याला सगळ्यांदेखत झापला. तपासनीस म्हणून बावीस वर्षं काढली आहेत, अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते मला विचारा.

संकल्प : ऑफिसात आवाज चढवायचा नाही.

१६ मार्च
ब्लॉक आणि हेडमध्ये बसणारं गॅस्केट ब्लॉकवर ठेवून पाहिलं. पाण्याच्या दहा छिद्रांपैकी नऊ हेडशी जुळतात. म्हणजे नव्वद टक्के. दहावं लेथवाला बुजवून देणार आहे. दोन दिवस म्हणालाय.

हे जोडकाम इंटरनेटवरच्या एका गृहस्थाने केलेलं आहे. त्याची सगळी कृती ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतली. पहिलं पान स्वच्छ आलं, दुसऱ्यावर शाई संपली. पहिल्यात सगळं आहे.

२५ मार्च
लेथवाल्याचे दोन दिवस अजून संपले नाहीत. दुकानात जाऊन ओरडलो. तो शांतपणे बिडी पीत होता, त्यामुळे माझा जास्तच भडका उडाला.

बायकोचा भाऊ आला होता. म्हणाला, भावोजी, बाबांनी वीस वर्षं त्या इंजिनाचं फक्त तेल बदललं. मी म्हटलं, म्हणूनच ते मागे राहिलं. तो चहा अर्धा ठेवून निघाला. पटलं असणार.

३० मार्च
हेड आलं. डॉक्टर सल्ला द्यायला हजर. म्हणतो, दोन मॉडेल एकत्र करताय, तर आधी पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती ठेवा, हेड बसवा, इंजिन हाताने फिरवा, परत उघडा. माती जिथे दबेल तिथे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कळेल. दीड मिलिमीटर तरी हवं.

मी पन्नाशीचा माणूस, माती खेळू? तरी पाकीट आणलं. सहा रंग. बायको हसली. पाकीट माळ्यावर फेकलं. अर्ध्या-एका मिलिमीटरने इंजिनाला काही होत नसतं.

६ एप्रिल, सकाळी ११
हेड बसलं! टायमिंगचा पट्टा चढवला. दिसतं तर असं की कंपनीचे इंजिनिअर लाजतील.

पाना लावून हाताने फिरवलं. पाऊण फेऱ्यावर अडकलं. हे कम्प्रेशन, आत दाबल्या गेलेल्या हवेचा जोर. मोठ्या इंजिनात असतं. टॉर्च धरून बायको उभी होती. म्हणाली, प्लग तर इथे ताटलीत आहेत, भोकं उघडी आहेत, मग हवा दाबली जाणार कुठे? वडिलांची मुलगी! म्हटलं, टॉर्च नीट धर.

पान्याला तीन फुटी पाइप लावला. सगळं वजन टाकलं. आतून कट् असं काहीतरी वाजलं आणि मग लोण्यासारखं फिरलं. नवीन भाग एकमेकांत बसताना असा आवाज होतो. समाधान वाटलं.

१३ एप्रिल
इंजिन गाडीत. चावी दिली. नुसतं घुमतं, पेटत नाही. बॅटरी कमजोर. शेजाऱ्याची आणली. ती पण कमजोर. या गल्लीत एका माणसाकडे धड बॅटरी नाही!

१५ एप्रिल
पेट्रोल भेसळीचं असणार. पंपावर जाऊन भांडलो. त्यांनी माझ्यासमोर बाटलीत काढून दाखवलं. स्वच्छ होतं. तरीही माझा संशय कायम आहे.

सासूबाईंनी विचारलं, झाली का हो गाडी. म्हटलं, झालीच आहे, फक्त चालू व्हायची आहे. त्यांनी नवी शाल काढून ठेवली आहे म्हणे.

१७ एप्रिल
बायकोने मला न विचारता डॉक्टरला बोलावलं. त्याने प्लगच्या भोकांत कम्प्रेशन मोजायचं गेज लावलं. चारही सिलिंडर शून्य. गेज बिघडलंय म्हटलं, तर त्याने ते स्वतःच्या गाडीला लावून दाखवलं. चालत होतं. हलकट गेज.

हेड उघडलं. वरचे आठही इनटेक व्हॉल्व्ह वाकलेले. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे, एकेक मोजून घ्यावा असे. डॉक्टर फडक्याने हात पुसत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

रात्री मोबाइलवर त्या गृहस्थाचं दुसरं पान उघडलं. पहिलीच ओळ : हेड चढवण्याआधी पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाचा पाडून घेणे अत्यावश्यक.

ऑफिसात कुणी वेळेवर शाई भरत नाही. उद्या लेखी तक्रार करणार.

१८ एप्रिल
डॉक्टरकडे गेलो. माझं जुनं इंजिन परत दे म्हटलं. म्हणाला, पांढऱ्या गाडीत बसवून आठवडा झाला, झक्क चालतंय. म्हटलं, दोन दिवसांत काढ. म्हणाला, साहेब, तो बल्ब नाही. त्याच्या बाकावरचा डबा लाथेने उडवला. त्यात नट होते. सगळे. त्याने आणि मी अर्धा तास गुडघ्यावर बसून वेचले.

१९ एप्रिल
तक्रार लिहिली नाही.

सासूबाईंना सांगायचं कोणी यावरून जेवताना वाद. मीच सांगणार. दोष कंपनीचा, लेथवाल्याचा आणि प्रिंटरचा आहे हे समजेल अशा भाषेत. सकाळी.

२० एप्रिल, सकाळी १०
सासूबाई नवी शाल घेऊन फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या. मी शेजारी उभा राहिलो. सुरुवात केली की सासूबाई, त्याचं असं झालं. त्यांनी हात वर केला. गप्प राहा, म्हणाल्या.

मग मलाही ऐकू आलं. वळणावर. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, गिअर बदलताना एकदा खाकरणारा.

त्या खुर्ची धरून उभ्या राहिल्या. बायकोला हाक मारली, म्हणाल्या, आधण ठेव, ते आले.

पांढरी गाडी फाटकाशी थांबली. डॉक्टर उतरला, चावी बायकोच्या हातात दिली, चारपर्यंत आणा म्हणाला. सगळं तिनेच ठरवलं होतं. सासूबाईंनी दार उघडायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. रंग त्यांना दिसत नव्हता की विचारायचा नव्हता, कळलं नाही.

बायको चालवायला बसली, सासूबाई तिच्या शेजारी. मागची सीट रिकामी होती. मला कुणी नको म्हणालं नाही. मीच बसलो नाही.

दुपारी १२.४०
डॉक्टर ओट्यावर बसून होता. त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमेना. लेथवाला, पंपवाला, शाई, सगळे आठवून पाहिले. कुणावरच राग टिकत नाही. सकाळचं आधण उकळून आटून गेलं होतं, भांडं खालून काळं पडलंय. घासलं.

माळ्यावरून मातीचं पाकीट काढलं. उघडलंसुद्धा नव्हतं. लाल मातीचा एक गोळा करून दोन बोटांत दाबून पाहिला. पट्टीने मोजला. अर्धा मिलिमीटर. दिसण्याइतका जाड असतो.

आत्ता वळणावर आवाज आला. सासऱ्यांच्या इंजिनाचा. मी आधण ठेवलं.