जाब कोणाला विचारायचा

नंदाखाल, २ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज मृतांचा दिवस. लोक आपापल्या कबरी सजवत होते. ह्यांची कबरच नाही, म्हणून मी मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावली. तांबड्या समुद्रात ह्यांच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि हे सापडलेच नाहीत.

तेव्हापासून समुद्राचे कायदे, परक्या देशांची भांडणं वाचत बसते. जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक भलत्याच देशात. जाब कोणाला विचारायचा? त्यातलंच एक पुस्तक म्हणतं, नियम आहेत, पण मोठे देश ते पाळेनासे झालेत.

घरी येताना माझी जाऊ हसत म्हणाली, "आता सातासमुद्रापार भांडायला जानार का गं तू?" मीही हसले.

पण जाब द्यायला उद्या कोणी सापडलाच, तर हे वाचणं थांबेल. मग ह्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काय उरेल?