आडवे बूच, उभे बूच

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी सकाळी मला वार विचारला, महिना विचारला आणि खिडकीतून काय दिसते ते विचारले. मी म्हटले, "समोरच्या शिंप्याचं दुकान, आणि तो आजही उशिराच उघडतोय." तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले. शरीर आता फार काळ साथ देणार नाही हेही त्यांनी सांगितले; ते मला त्यांच्याआधी ठाऊक होते. मी हे कुणाच्या दडपणाखाली किंवा भिडेखातर लिहीत नाही. भिडेखातर करायचे ते सगळे आयुष्यभर करून झाले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याइतका वेळ नाही.

हे अमलात आणण्याचे काम मी वकीलबाईंवर सोपवते. त्यांनी पहिली पाच कलमे घरच्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावीत. नंतर माझ्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, चहा घ्यायला खाली पाठवावे, दार लावून घ्यावे आणि सहावे कलम फक्त माझे पती आणि माझी मुलगी यांच्यासमोर वाचावे. भाऊजी सहजासहजी उठायचे नाहीत. त्यांना सांगावे की ही माझी शेवटची इच्छा आहे. तरीही न उठल्यास त्यांच्यासकट खुर्ची बाहेर काढावी.

कलम १. घर आणि दुकान.

हे घर, खालचे वाइनचे दुकान आणि त्याखालचे तळघर मला माझ्या वडिलांकडून मिळाले. ते मूळचे बुचांचे व्यापारी. वाइन नंतर विकू लागले. लहानपणी मी शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसून बाटल्यांची बुचे हुंगत असे. खराब बूच बरोबर ओळखले की लिमलेटची गोळी मिळे. मला इतक्या गोळ्या मिळाल्या की दाढा किडल्या. पण मोठी झाल्यावर, नवा माल चाखून पारखतात त्या चाखणीच्या टेबलाशी मला खुर्ची मिळाली नाही. "गिऱ्हाईक पुरुषाच्या नाकावर भरवसा ठेवतं, पोरी," असे वडील म्हणत. त्यामुळे बाटली उघडणे आणि ग्लास भरणे एवढे माझ्या वाट्याला आले.

माझे पती तेव्हा दुसऱ्या एका पेढीचे फिरते विक्रेते होते. वास घेण्यात खरोखर तरबेज. मी त्यांच्या नाकावर भाळले, असे लिहिल्यास वकीलबाईंनी वाचताना हसू नये.

घर, दुकान आणि तळघर मी माझ्या मुलीला, बाळीला देते. माझ्या पतींना हयातभर रस्त्याकडच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. त्यांना तिथून कुणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. भाऊजींचा या मिळकतीवर हक्क नाही. एका वर्षी आपण दुकानाच्या दाराला स्वखर्चाने रंग दिला होता, ही आठवण ते काढतील. रंग चांगला नव्हता.

कलम २. बँकेतली शिल्लक.

आधी डॉक्टर आणि रात्रपाळीच्या नर्सबाई यांचे देणे भागवावे. उरेल ते पतींचे. त्यांना व्यवहार कळत नाही, तेव्हा पासबुक बाळीने सांभाळावे.

कलम ३. भाऊजी.

चाखणीच्या वेळी तोंडातली वाइन थुंकण्यासाठी ठेवलेले पितळी भांडे मी भाऊजींना देते. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही वापरले नाही, प्रत्येक घोट गिळला. भांडे अगदी नव्यासारखे आहे. याखेरीज त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखेही काही कधी नव्हते.

कलम ४. माझे कपडे आणि शेवट.

लोकरीच्या दोन्ही शाली नर्सबाईंना द्याव्यात. माझ्याजवळ फुले ठेवू नयेत, अगरबत्ती लावू नये. औषधांनी माझ्या नाकावर आणि जिभेवर बोळा फिरवला आहे. पाणीसुद्धा लोखंडासारखे लागते. ज्या घरात वासावर सगळे चालले, त्या घरातून मी कशाचाही वास न घेता जाणार आहे. याचे मला फार वाईट वाटते. मरण्यापेक्षा जास्त.

कलम ५. हत्यारे.

वडिलांचा बूच काढण्याचा स्क्रू, लाकडी मुठीचा, आणि माझा ग्लास भरतानाचा एप्रन बाळीला द्यावा. ती नको म्हणेल. न बोलता तिच्यासमोर ठेवावा. तळघरात सगळ्यात खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली आहे, स्पॅनिश रेड वाइनची. तीही वर आणून तिथेच ठेवावी. एका जुन्या मालातली ही शेवटची.

इथे भाऊजींनी चहाला जावे.

कलम ६.

बाळी, इथून पुढे मी तुझ्याशी बोलते. हे कायद्याच्या भाषेत बसत नसेल तर वकीलबाई बसवून घेतील.

तुझ्या बाबांना कशाचाही वास येत नाही. तू शाळेत होतीस तेव्हा ते तळघराच्या पायऱ्यांवरून पडले होते, आठवतं? डोक्याला मागून मार लागला होता. जखम भरली, टाके निघाले. नाक परत आलं नाही. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा ते माझ्याकडे कॉफीचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "यात काय आहे, सांग बरं." मला वाटलं, थट्टा करतात. मग त्यांचा चेहरा पाहिला.

तोपर्यंत गावभर त्यांना 'नाकसाहेब' म्हणायला लागले होते. हॉटेलवाले त्यांच्या शब्दावर माल उचलत. दुकान त्या एका नाकावर उभं होतं. म्हणून आम्ही एक खूण ठरवली. बाटली मीच उघडायची, बूच मीच हुंगायचं, आणि ग्लास भरताना ते त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचं. माल चांगला असेल तर बूच आडवं. खराब असेल तर उभं. टेबलाशी बसलेल्या कुणाचं बुचाकडे कधी लक्ष गेलं नाही. बाबा ग्लास उचलत, डोळे मिटत, एकदा हळूच उघडत आणि निकाल देत. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि एक दिवस सोडला तर कधी चूक झाली नाही. नाक माझं होतं, नाव त्यांचं होतं. मला त्याचा राग येत असे. पण त्यांना त्या खुर्चीत ताठ बसलेलं पाहिलं की तो जात असे.

तू पहिल्यांदा चाखणीला बसलीस तो दिवस मी विसरलेले नाही, आणि तूही विसरलेली नाहीस. आजोबांचा नियम होता की सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि मालकाने शेवटी, म्हणजे कुणी मोठ्यांची री ओढणार नाही. आणि मालक एकदा बोलला की शब्द फिरवायचा नाही. त्या दिवशी ही स्पॅनिश वाइन होती. तू ग्लास नाकाशी नेलास आणि लगेच खाली ठेवलास. म्हणालीस, "ओल्या गोणपाटाचा वास येतोय. ही मेलेली आहे." भाऊजींनी एक घोट गिळला, दुसरा गिळला, आणि तब्येतीला चांगली आहे म्हणाले. हॉटेलवाल्यांना मनुकांचा वास आला. डॉक्टर म्हणाले, "जुन्या पुस्तकांचा वास. खानदानी आहे." एकाच बाटलीबद्दल चार मतं, आणि त्यातलं खरं तुझ्या एकटीचं होतं. बुरशी बुचातच होती. मी बाटली उघडतानाच ओळखलं होतं.

मी बूच उभं ठेवलं. पण ते काढतानाच तुटलं होतं, बुडाशी भुसा झाला होता. मी हात काढला आणि ते कलंडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा कलंडलं. भाऊजी बघायला लागले. बोटाने धरून ठेवलं असतं तर सगळ्यांनीच विचारलं असतं की बाई, हे काय चाललंय. मी हात मागे घेतला. बाबांनी डोळे उघडले, बूच आडवं दिसलं. "उत्तम," ते म्हणाले. "अजून दहा वर्षं ठेवा, आणखी खुलेल." मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, नाक घरी विसरून आलीस का?" सगळे हसले. तूही हसलीस. तुझं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना सांगितलं. ते तळघराच्या पायरीवर बसले, ज्या पायरीवर पडले होते त्याच. मी म्हटलं, "पोरीला तरी सांगा."

"काय सांगू? बापाला वास येत नाही म्हणून?"

"हो. तेच."

"ती टेबलाशी कशी बसेल मग माझ्यासमोर?" आणि माझा हात धरून म्हणाले, "तू जिवंत आहेस तोवर कुणाला सांगू नकोस. एवढं कर."

मी शब्द दिला आणि पाळला; वकीलबाईंना लिहून घ्यायला सांगितलं, पण त्याही हे मी गेल्यावरच वाचणार. त्यापुढची मुदत त्यांनी मागितली नव्हती.

सकाळी मी तुला एवढंच म्हणू शकले की तुझं बरोबर होतं. तू म्हणालीस, "आई, माझी समजूत काढू नकोस. बाबा चुकत नाहीत." बाबा चुकत नाहीत हे तुला आम्हीच दोघांनी मिळून शिकवलं होतं. मग तू लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलंस, जिथे चोवीस तास साबणाची वाफ असते आणि दुसरा कसला वास येतच नाही. त्या मालाचं म्हणशील, तर ही एक बाटली सोडून तो सगळा खपला. एकानेही बाटली परत आणली नाही. नाकसाहेबांनी उत्तम म्हटलं म्हणून लोकांनी ओलं गोणपाट मिटक्या मारत प्यायलं, आणि काहींनी पुन्हा मागितलं.

आता आणखी एक सांगायचं आहे.

गेल्या थंडीत तू भेटायला आलीस आणि दारातच थबकलीस. "आई, तुझा वास बदललाय."

"कसला येतोय?"

"फुलदाणीत पाणी राहून गेल्यासारखा. एकदा दाखवून ये ना डॉक्टरांना."

मला काही दुखत नव्हतं. मी म्हटलं, तुझं काहीतरीच. तू म्हणालीस, "जाऊ दे. माझ्या नाकाला काय कळतं." आणि विषय सोडलास. मीही सोडला. नंतर दुखायला लागलं, तेव्हा एक डॉक्टर पित्त म्हणाले, दुसरे वय म्हणाले. तिसऱ्यांनी फोटो काढले आणि मला न सांगता बाबांना बाहेर बोलावलं. पुढचं तुला माहीत आहे.

हे वाचून तू म्हणशील, मी हट्ट धरायला हवा होता. बाळी, हट्ट धरण्याची तुझी सवय आम्ही त्या टेबलाशी मोडली. या कागदात मी तुझ्या नावे घर लिहिलं, दुकान लिहिलं, स्क्रू लिहिला. दोष लिहिलेला नाही. जे लिहिलेलं नाही ते घेऊ नकोस.

अहो, तुम्ही मान खाली घालून बसला असाल. माझी शुद्ध हरपायच्या आत हे तुम्ही स्वतः तिला सांगाल, याची मी वाट पाहिली. तुम्ही रोज उशाशी बसलात, पाणी पाजलंत, पाय चेपलेत, आणि तेवढं मात्र बोलला नाहीत. मी रागावले आहे. रागावूनच जाणार आहे. तरी सकाळी डॉक्टर म्हणाले की आता घरच्यांनी जवळ राहावं, तेव्हा पहिला विचार तुमचाच आला, की आता यांच्या डाव्या हाताशी बूच कोण ठेवणार. मी अंथरुणाला खिळल्यापासून तुम्ही अंदाजाने निकाल देता आहात. नशिबाने माल बरा आला. पुढचा येईल तेव्हा भाऊजी शेजारी असतील, आणि तुमच्या नाकाबद्दल इतकी वर्षं त्यांना जो संशय आहे तो एका ग्लासात खरा ठरेल. मग तुम्ही त्या खुर्चीत बसू शकणार नाही, आणि दुसरं काही करताही येणार नाही. हे मला दिसतं आहे आणि मला काहीही करता येत नाही.

तेव्हा, बाळी, दार बंदच असू दे. ही बाटली तू उघड. आधी तू बोल, तू लहान आहेस. मग बाबांचा ग्लास भर आणि बूच त्यांच्या डाव्या हाताशी ठेव.

आडवं ठेवलंस तर ते उत्तम म्हणतील. तू उठून लाँड्रीत परत जा. कुणी तुला बोल लावू नये, असं मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. घर तरीही तुझंच राहील.

उभं ठेवायचं असेल, तर लक्षात घे, हेही बूच तुटणार आहे. त्या मालाची सगळीच तशी होती. आपोआप उभं राहणार नाही. ते बोलेपर्यंत बोटाने धरून ठेवावं लागेल.

वरील सर्व मजकूर मी सांगितला आणि वकीलबाईंनी लिहून घेतला. मी तो ऐकला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, आणि मला तो मान्य आहे. साक्षीदारांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर नाही.

सही: (वाकडी आली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. आज दुकान बंद ठेवून आला.
साक्षीदार दुसऱ्या: रात्रपाळीच्या नर्सबाई. शालींबद्दल त्यांना ठाऊक नसल्याने साक्षीला बसवल्या. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, हे वकीलबाईंच्या लक्षात आल्यावर त्यांची सही खोडून, त्यांच्या जागी दाखला देणाऱ्या डॉक्टरांची घेतली. वाइनमध्ये जुनी पुस्तके हुंगणारे ते हेच.

स्थळ: दुकानाच्या वरची, रस्त्याकडची खोली.
दिनांक: आजचा. वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे.