तिसऱ्या सिलिंडरची भिंत

२८ सप्टें., रवि.
दादाशी पुन्हा वाजलं. गाडी दोघांची, दोन वर्षांची मेहनत दोघांची, पण इंजिनाचं ठरवताना मोठा भाऊ तो एकटाच. माझं म्हणणं एवढंच, की टर्बो लावायचा तर सिलिंडर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त मोठं करायचं नाही. भिंत पातळ होते आणि पलीकडे इंजिन थंड ठेवणारं पाणी असतं. टर्बोच्या दाबानं भिंत फाटली की पाणी आत, इंजिन जाम, तेही भर वेगात. त्याला टर्बोही हवा आणि मोठं इंजिनही. तासभर घसा कोरडा केला तेव्हा अर्ध्या मिमीवर कबूल झाला. पाच तारखेला धावपट्टीवर शर्यत. चालवणार तोच.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
हजीऱ्याच्या आमच्या वर्कशॉपात पूजा. पणजोबांची तलवार, शेजारी बोल्ट कसायचे पाने, मायक्रोमीटर, भिंतीची जाडी मोजायचं यंत्र. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. दसरा होईपर्यंत काही हलवायचं नाही, हे दादाचं कडक. गेल्या वर्षी मी स्क्रू पिळायचा पेचकस उचलला तर दिवसभर अबोला.
इंजिनाचा ब्लॉक जागेवर नाही. विचारलं, तर म्हणे धुवायला दिलाय.

२ ऑक्टो., गुरु., दसरा
धुवायला! ब्लॉक थाटीपुरला दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन प्रत्येक सिलिंडर दोन मिमी मोठं कापून आणलं. अर्धा नाही, दोन. त्या मापाचे पिस्टन महिनाभर माळ्यावर लपवलेले. इंजिन जोडूनही तिथंच झालं. घरी सोनं वाटताना हसत सांगितलं.
भिंत मोजली का, विचारलं.
"नापणार कसं? यंत्र पूजेत होतं ना."
आणि वर, "आपली हत्यारं हलवली का मी? मशीन त्याचं, हात त्याचा."
म्हणजे पूजा मोडली नाही, आणि मला दिलेला शब्द मोडला तो हिशेबातच नाही. इतका संताप आला की आपट्याची पानं त्याच्या हातात कोंबली आणि जेवण न करता निघालो.

३ ऑक्टो., शुक्र.
दादा कामाला माधवगंजला गेला तेवढ्यात पूजा उतरवली, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं, मोजलं. बाकी तीन सिलिंडर कशीबशी चालतील. तिसऱ्याची पाण्याकडची भिंत १.८ मिमी. परत मोजली. १.८. टर्बोला अडीचच्या खाली जायचं नाही, हा आकडा मला शिकवला कुणी? त्यानंच.
तो आला, आकडा ऐकला.
"एक ही रन तो है, यार. हेड बंद कर."
निदान टर्बो काढ म्हटलं. नाही. शर्यत सोड म्हटलं. नाही. वर स्वतःच पाना घेऊन हेडचे बोल्ट कसायला बसला. त्याचा खांदा दुखतो, बोल्ट सारखे कसले जात नाहीत. त्यानं वाईट कसण्यापेक्षा मी नीट कसलेले बरे, म्हणून पाना हिसकावला आणि सगळे मीच कसले. गाढव आहे मी.

४ ऑक्टो., शनि.
सकाळी टर्बोचा दाब गुपचूप निम्म्यावर आणला. दुपारी पाहिलं, त्यानं परत पूर्ण चढवलेला. आता गुपचूप वागण्यात दोघंही सारखेच.
संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. तीन दिवस झोप नाही म्हणाल्या.
"भाऊजी, हे सांगत होते, तुम्ही स्वतः उघडून सगळं मोजलंत. मोजलंत ना?"
दादा टायरपाशी वाकलेला. मान वर केली नाही.
"हो, मोजलंय," मी म्हणालो.
त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. डबा ठेवून गेल्या. आकडा त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. दादाचा राग येतो तेवढाच आता स्वतःचा येतोय. माझंच मोजणं त्यानं बायकोला ढाल म्हणून दाखवलं, आणि मी ती धरून उभा राहिलो.
उद्या सहाला गाडी ट्रकवर चढवायची. गाडीची चावी माझ्या खिशात आहे. दादा दोनदा मागून गेला. अजून दिलेली नाही.