अंगठ्याचा किडनीशी काही संबंध नाही

५ जानेवारी
उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल. पांघरूण टेकलं तरी कळ मस्तकात. ट्रॅक्टरच्या क्लचचा मुका मार असणार. बायको, शकुबाई, म्हणाली, "अवो, बारामतीला डॉक्टरला दावा." दाखवतो. घाबरतो काय!

७ जानेवारी
डॉक्टर म्हणे, किडनी आधीच कमजोर, युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकत नाही, ते सांध्यात साचतं. किडनी पाठीत, अंगठा पायात. मधे केवढं अंतर! डॉक्टर तरुण आहे. मटण बंद. पेनकिलर तर अजिबात बंद, किडनी पार जाईल म्हणे. पथ्य उद्यापासून कडक.

८ जानेवारी
पथ्य सुरू. मटणाला हात लावला नाही. फक्त रस्सा.

१४ जानेवारी
आमच्या लेकीचा, संस्कृतीचा साखरपुडा ठरला, २ फेब्रुवारी. मुलगा युवराज, निमगाव केतकीचा. लग्न मे महिन्यात. तोवर व्याह्यांना किडनीतला 'कि' कळता कामा नये. आजारी घर म्हणून जुळलेलं मोडायचं. घरात सक्त ताकीद दिली. शकुबाई म्हणाली, "आमी न्हाय बोलत. तुमचा पायच बोलंल."

२६ जानेवारी
आता गुडघाही सुजला. शाळेत झेंडावंदनाला उभं राहिल्याने. बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून पुड्या घेतल्या. आधी विचारलं, पेनकिलर तर नाही ना? म्हणाला, "छ्या तात्या! ही नुसती दुखणं मारती." मग हरकत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ
दोन पुड्या एकदम. हरणासारखा चालतोय.

२ फेब्रुवारी, रात्र
पुडीचा असर जेवणापर्यंतच. युवराज पाया पडला. मुलगा फारच संस्कारी. नुसता वाकला नाही, कपाळ टेकवलं. नेमकं अंगठ्यावर. मी काय ओरडलो आठवत नाही, पण बँडवाले थांबले. जावयाला लाथ बसली असं लोक म्हणतात. मग शकुबाईने व्याह्यांना सगळं सांगून टाकलं. किडनी, पुडी, रस्सासुद्धा. व्याही आबाजी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. बहुधा माझ्या सहनशक्तीने भारावले.

४ फेब्रुवारी
रक्तात क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी आणखी बिघडली म्हणे. डॉक्टर पुडीबद्दल बरंच बोलले. तरुण आहेत, पण आवाज मोठा.

५ फेब्रुवारी
आबाजींचा फोन. लग्न मोडलं नाही! उलट मेऐवजी याच महिन्यात उरकायचं म्हणतात. शेवटी गावात, लासुर्ण्यात आपल्या घराण्याला वजन आहे. तरी एवढी घाई का, विचारलं. म्हणाले, "इवाई, राग मानू नगा. तुमचं काय मागंम्होरं झालं, तर वरीसभर पोरांचा खोळंबा नको."
शकुबाईला सांगितलं. म्हणाली, "त्यांचं बी बरूबर हाय."